घारापुरीची वाट
(नभोवाणीवरील भाषण)

मी पनवेलचा राहणारा. पनवेल म्हटलें कीं आज कोणाच्याहि डोळ्यांपुढें मोटारींची रांग, उड्डाणपूल आणि आगगाडीचें जंक्शन हींच उभीं राहतात. परंतु आमच्या गांवाचें जुनें नातें पाण्याशीं आहे. भोर घाटांतील गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला आणि त्याच घाटांतून १८६३ सालीं आगगाडी धांवूं लागली. त्या दोहोंच्या मधल्या काळांत मुंबईहून पुण्यास निघालेला माणूस प्रथम मचव्यांत बसे, वारा आणि भरती साधून पनवेलच्या बंदरास लागे, आणि मग येथून गाडी करून घाटाकडे वळे. पुढें आगगाडी झाली, खाडींत गाळ सांचला, आणि आमचें बंदर नांवापुरतें उरलें.

हें प्रास्ताविक अशासाठीं कीं, ज्या घारापुरी बेटाची वाट मी आज सांगणार आहें, तें आम्हां पनवेलकरांना एकाच वेळीं अगदीं जवळचें आणि अगदीं दूरचें आहे. जिल्हा एकच, रायगड. घारापुरी उरण तालुक्यांत, आणि उरण तर आमचा सख्खा शेजारी. पनवेलची खाडी ज्या मुंबईच्या बंदरांत रिकामी होते, त्याच बंदरांत हें बेट बसलेलें आहे. तरीसुद्धां गांवांत दहा माणसांना विचारा. आठ जण सांगतील, घारापुरी मुंबईस आहे. उरलेले दोघे म्हणतील, शाळेच्या सहलींत केव्हां तरी गेलों होतों. जवळचें क्षेत्र आणि घरचें पुस्तक यांची गत सारखीच. केव्हांहि हातीं घेतां येईल म्हणून तें कधींच हातीं घेतलें जात नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत माझी हीच फजिती झाली. परदेशीं नोकरीस असलेला माझा भाचा रजेवर घरीं आला होता. त्याआधींच्या वर्षीं तो वेस्ट इंडीजमधील साबा नांवाचें एक लहानसें बेट पाहून आला होता, आणि त्याचें वर्णन तो रोज जेवतांना करी. साबा हें डच राज्याच्या ताब्यांतील बेट. क्षेत्रफळ सुमारें १३ चौरस किलोमीटर. चहूंबाजूंनीं उभे कडे, आणि सपाट जागा इतकी अपुरी कीं विमानाची धांवपट्टी अवघी ४०० मीटर लांबीची. पूर्वीं बोटींतून उतरणाऱ्यास खडकांत खोदलेल्या सुमारें ८०० पायऱ्या चढून जावें लागे, आणि घरांत लागणारी बहुतेक प्रत्येक वस्तु याच पायऱ्यांनीं माणसाच्या अंगाखांद्यावरून वर येई. या बेटावर रस्ता होणें शक्य नाहीं असें तज्ज्ञांनीं सांगून ठेवलें होतें. तेव्हां जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल नांवाच्या तेथल्याच एका गृहस्थानें टपालानें येणाऱ्या पाठांवरून रस्तेबांधणी शिकून घेतली, आणि १९३८ पासून वीस वर्षें खपून बेटावरच्या लोकांनीं तो रस्ता आपल्या हातांनीं पुरा केला. भाचा म्हणाला, "मामा, तेथले लोक पाहुण्याला सगळ्यांत अभिमानानें काय दाखवीत असतील तर तो रस्ता. आपल्या घारापुरीची वाट कशी आहे?"

मला नीट उत्तर देतां येईना. मग ठरलें कीं सगळ्यांनीं मिळून जावयाचें. सगळ्यांनीं म्हणजे मी, भाचा, त्याची पत्नी, त्यांचा आठ वर्षांचा मुलगा, आणि हट्टानें निघालेल्या आमच्या आत्याबाई, वय वर्षें अठ्ठ्याहत्तर.

पनवेलहून घारापुरीस जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला राजमार्ग. लोकल गाडीनें मुंबईस छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जावें, तेथून बसनें, टॅक्सीनें किंवा पायीं अपोलो बंदर गांठावें, आणि गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून लाँच धरावी. अंतर पाण्यावरून सुमारें दहा किलोमीटर, आणि वेळ सुमारें एक तास. लाँची सकाळीं नऊच्या सुमारास सुटूं लागतात आणि दुपारपर्यंत थोड्याथोड्या वेळानें सुटत राहतात. तिकीट जाण्यायेण्याचें मिळून असतें. तें परतीपर्यंत जपून ठेवावें. सोमवारीं लेणीं बंद असतात, ही गोष्ट पंचांगांत लिहून ठेवण्याजोगी आहे. कारण सोमवार हा शंकराचा वार म्हणून त्याच दिवशीं जाण्याचा बेत करणारीं भाविक कुटुंबें मीं स्वतः धक्क्यावरून परतलेलीं पाहिलीं आहेत.

दुसरा मार्ग आमच्या घराकडचा. पनवेलहून मोटारीनें उरण गांठावें, किंवा बेलापुरास गाडी बदलून आगगाडीनें जावें. १२ जानेवारी २०२४ पासून लोकल गाडी थेट उरणपर्यंत जाते. उरणजवळ मोरा म्हणून बंदर आहे. तेथून बेटावरचे लोक आपल्या बाजारहाटासाठीं ज्या बोटींनीं येजा करतात, त्यांतून पाहुण्यालाहि जातां येतें. हा मार्ग लहान, पण त्याला राजमार्गाचा नियमितपणा नाहीं. आदल्या दिवशीं धक्क्यावर विचारून ठेवलेलें बरें. येथें नांवाचा एक घोटाळाहि ध्यानांत ठेवावा. मोरा हें बंदर उरणच्या किनाऱ्यावर आहे, आणि मोराबंदर ही वस्ती घारापुरी बेटावर आहे. दोन्ही नांवें एकाच वाक्यांत आलीं कीं नवखा माणूस हमखास चकतो.

मोऱ्याच्या मार्गानें जाणाऱ्याला पंचांगाशिवाय गत्यंतर नाहीं. याचें कारण भरती-ओहोटी. मोऱ्याच्या धक्क्याजवळ गाळ फार सांचतो, आणि उधाणाच्या दिवसांतील ओहोटीला बोटीस पाणी पुरत नाहीं. यासाठीं आमच्या किनाऱ्यावरील कोळ्यांचा एक जुना हिशेब आहे, तो मी आपणांस सांगतों. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ हातीं येते. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन. म्हणून दुपारीं तीनच्या सुमारास भरती, तशीच पहांटेंहि. त्यानंतर सुमारें सव्वासहा तासांनीं पुरी ओहोटी. महाशिवरात्रीस उरण-पनवेलकडील भाविक घारापुरीस दर्शनासाठीं जातात. ती तिथि वद्य चतुर्दशी. चौदांची पाऊणपट साडेदहा. म्हणजे सकाळच्या चढत्या पाण्याबरोबर जाण्यास ती तिथि सोयीचीच. परंतु पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास दुपारीं बारास भरती असेल तर सायंकाळीं सहास ओहोटी असणार, आणि परतीच्या बोटीपुढें नेमका गाळ उभा राहणार, हेंहि त्याच हिशेबानें कळतें. हा हिशेब ढोबळ आहे. पांच-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. तथापि घरून केव्हां निघावें हें ठरविण्यास तो पुरेसा आहे.

आत्याबाई बरोबर असल्यामुळें आम्हीं राजमार्ग धरला. लाँच सुटण्यापूर्वीं खलाशानें प्रत्येकाच्या हातीं एकेक नारिंगी रंगाचें जीवरक्षक जाकीट दिलें. आत्याबाईंनीं तें दोन बोटांनीं उचलून शेजारीं ठेवलें. नऊवारीवर हें सोंग कसें चढवावयाचें, असा त्यांचा प्रश्न होता. "चार लोकांत लाज वाटते," असेंहि त्या म्हणाल्या. तांडेल सुकाणूजवळून उठून आला, आणि अदबीनें पण ठाम स्वरांत म्हणाला, "आजी, दर्यापुढें लाज कसली?" आणि त्यानें स्वतःच्या हातानें त्यांच्या जाकिटाचे बंद बांधले.

श्रोतेहो, या लहानशा प्रसंगामागें एक दारुण घटना आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजीं दुपारीं गेटवेहून घारापुरीस निघालेल्या एका प्रवासी बोटीवर, इंजिनाची चांचणी चाललेली नौदलाची एक वेगवान बोट ताबा सुटून आदळली. बोटींत शंभरावर माणसें होतीं. त्या अपघातांत एकंदर १५ जणांचे प्राण गेले. सहलीस निघालेलीं तीं माणसें. त्यांत मुलेंहि होतीं. त्यानंतर या मार्गावर जाकीट घालणें सक्तीचें झालें. नियम झाला म्हणून तो पाळावा, एवढ्यानें भागत नाहीं. उकाडा होतो म्हणून, छायाचित्र नीट येत नाहीं म्हणून, लाज वाटते म्हणून बंद सोडून बसणारे प्रवासी मीं त्याच फेरींत पाहिले. आपण घरांतील वडील माणसें असाल, तर मुलांच्या आधीं स्वतः जाकीट घाला. मुलें पाहून शिकतात. आणि बोटींत माणसें फार भरलीं आहेत असें वाटलें तर खुशाल उतरून पुढची बोट धरा. अर्धा तास उशीर झाल्यानें लेण्यांचें कांहीं बिघडत नाहीं. तीं चौदाशें वर्षें वाट पाहत उभीं आहेत.

एक तासाचा हा जलप्रवास मला लेण्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. मागें गेटवेची कमान लहान होत जाते, आसपास नांगर टाकून उभीं असलेलीं मोठीं जहाजें दिसतात, आणि डाव्या हातास जवाहर द्वीप, म्हणजे जुनें बूचर बेट, आपल्या तेलाच्या टांक्यांसह दिसूं लागतें. मग समोर दोन हिरव्या टेकड्या आणि त्यांच्यामधली खोलगट वाट वर येते. तीच घारापुरी. बेटाची लांबी सुमारें अडीच किलोमीटर आणि टेकड्यांची उंची सुमारें दीडशें मीटर. त्यावर तीन वस्त्या: शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. बेटाच्या उत्तरेकडे दूरवर एक लांबच लांब रेघ समुद्रावर ओढलेली दिसते. ती अटल सेतूची. शिवडीपासून न्हावाशेव्याच्या बाजूस येणारा हा २१.८ किलोमीटरांचा सेतु उरणच्या आगगाडीच्याच दिवशीं, १२ जानेवारी २०२४ रोजीं, खुला झाला. त्यावरून रोज हजारों मोटारी जातात आणि त्यांतील माणसें खिडकींतून बेटाकडे बोट दाखवितात. पण सेतु बेटाच्या जवळून जातो. बेटावर उतरत नाहीं. घारापुरीस आजहि पाण्यावरूनच जावें लागतें.

लाँच शेतबंदरच्या धक्क्याला लागते. धक्का लांब आहे, आणि त्यावरून पायथ्यापर्यंत मुलांच्या खेळण्यांतल्यासारखी एक लहान गाडी चालते. आमच्या आठ वर्षांच्या पाहुण्यास साऱ्या सहलींत हीच गोष्ट सर्वोत्तम वाटली. पुढें ग्रामपंचायतीचा किरकोळ कर भरावा आणि पायऱ्या चढूं लागावें. पायऱ्या सुमारें १२० आहेत. दोन्ही बाजूंस दुकानें आहेत, वर कापडाचें छत आहे, त्यामुळें ऊन लागत नाहीं. ज्यांना चढवत नाहीं त्यांच्यासाठीं डोल्या मिळतात. आत्याबाईंनीं डोलीकडे एक दृष्टि टाकली आणि म्हणाल्या, "माणसांच्या खांद्यावरून एकदांच जायचें असतें, त्याची मला इतक्यांत घाई नाहीं." मग दर वीस पायऱ्यांवर एका दुकानासमोर विसांवा घेत, प्रत्येक माळेची किंमत विचारीत आणि एकहि माळ न घेतां, त्या वर पोंचल्या. डोलीवाले मात्र हंसले नाहींत. त्यांचा तो पोटाचा धंदा. विनोद आमचा असला तरी रोजगार त्यांचा बुडाला, हें माझ्या मागाहून ध्यानांत आलें. एवढ्यासाठीं मी सांगतों कीं ज्यांच्या गुडघ्यांना खरोखर त्रास आहे, त्यांनीं संकोच न करतां डोली करावी, आणि भाडें चढण्यापूर्वींच ठरवावें.

वर माकडें फार आहेत. हातांत खाण्याचा पुडा घेऊन चालणें म्हणजे त्यांना आमंत्रण देणें. पाण्याची बाटलीसुद्धां तीं हिसकावून घेतात. खाणें पिशवींत, पिशवी बंद, आणि रिकाम्या बाटल्या परत घरीं, असा नियम करावा. बेटावर टाकलेला प्रत्येक कागद पुन्हां बोटींतूनच न्यावा लागतो, हें आपण विसरतों.

आतां लेण्यांसंबंधीं थोडें. मुख्य लेणें सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचें मानतात. कलचुरी राजा कृष्णराज याचीं तांब्याचीं नाणीं बेटावर सांपडलीं आहेत, आणि त्यावरून कित्येक विद्वान् हें काम त्याच्या काळीं झालें असें म्हणतात. लेण्याचा शिलालेख असता तर वाद मिटला असता. १५३४ सालीं वसईच्या तहानें हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. त्यांच्या काळीं दारावरील एक कोरीव शिला काढून पोर्तुगालास पाठविली गेल्याचें त्यांच्याच इतिहासकारानें लिहून ठेवलें आहे. ती पुढें कोणास दिसली नाहीं. अशा रीतीनें या लेण्याचा जन्मदाखलाच हरवला. १९८७ सालीं युनेस्कोनें घारापुरीचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत केला.

बहुतेक पाहुणे उत्तरेच्या दारानें आंत शिरतात, समोरच्या त्रिमुखी मूर्तीपर्यंत तडक जातात, छायाचित्र काढतात आणि वळतात. माझी विनंति अशी कीं आंत शिरल्यावर प्रथम पांच मिनिटें एका खांबाशीं नुसतें उभें राहावें. उन्हांतून आलेले डोळे काळोखाला सरावले कीं मूर्ति भिंतींतून आपोआप पुढें येऊं लागतात. लेणें तीन बाजूंनीं उघडें आहे. सकाळीं पूर्वेचा आणि दुपारनंतर पश्चिमेचा उजेड आंत येतो, आणि एकच मूर्ति दोन वेळांना दोन प्रकारची भासते. समोरची सुमारें अठरा फूट उंचीची भव्य मूर्ति ब्रह्मा-विष्णु-महेशांची, असें पुष्कळ घरांतून सांगितलें जातें. वस्तुतः तीं तिन्ही मुखें एकट्या शिवाचींच आहेत: मधलें ध्यानमग्न आणि शांत, आपल्या डाव्या हातचें उग्र, उजव्या हातचें कोमल. तिच्या एका बाजूस अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या बाजूस गंगाधर. गाभाऱ्याला चारी दिशांनीं दारें आहेत आणि प्रत्येक दाराशीं दोन द्वारपाल. पुष्कळ मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत, परंतु चेहऱ्यांवरील भाव अद्यापि जागे आहेत.

आत्याबाई रमल्या त्या कल्याणसुंदराच्या शिल्पापाशीं. शिवपार्वतीच्या विवाहाचा तो देखावा. वराच्या उजव्या हाताशीं वधू उभी आहे, आणि तिची मान किंचित् खालीं झुकलेली आहे. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "ही लाजते आहे, पण घाबरलेली नाहीं." मूर्तिशास्त्रावरील ग्रंथ मीं थोडेबहुत चाळले आहेत, इतकें नेमकें वाक्य मला त्यांत आढळलें नव्हतें.

मुख्य लेण्यानंतर बहुतेक जण घड्याळ पाहतात. ज्यांना वेळ आहे त्यांनीं पुढच्या वाटेनें बाकीचीं शैव लेणीं पाहावीं, आणि पाय बळकट असतील तर तोफांच्या टेकडीवर चढावें. इंग्रजी अमदानींतील अवजड तोफा तेथें अजून आहेत, आणि तेथून सारें बंदर दृष्टीखालीं येतें. पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत. म्हणजे शिवाच्या आधीं या बेटानें बुद्धाचेंहि स्वागत केलें होतें. राजबंदरच्या बाजूस एके काळीं एक दगडी हत्ती उभा होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं बेटाला एलिफंटा हें नांव दिलें. १८१४ सालीं त्याचें मस्तक गळून पडलें. पुढें १८६४ च्या सुमारास त्याला इंग्लंडास नेण्याचा घाट घातला गेला; परंतु उचलतांना यारी तुटली, हत्तीचे तुकडे झाले, आणि तो मुंबईसच राहिला. आज तो भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत जोडून उभा केलेला आहे. ज्या हत्तीवरून बेटाला परकी ओळख मिळाली तो मुंबईंत आहे, आणि बेटावर राहिलें आहे तें मूळचें नांव: घारापुरी.

आम्ही उतरलों तेव्हां तीन वाजून गेले होते. पायथ्याजवळच्या एका घरगुती खानावळींत भात, तांदळाची भाकरी आणि माशाचें कालवण मिळालें. आत्याबाईंसाठीं घरच्या बाईनें वेगळी वरणाची वाटी आणून ठेवली. जेवतांना मी दोन वेळां घड्याळ पाहिलें. पाहुण्यांना बेटावर रात्रीं राहूं देत नाहींत, आणि सायंकाळीं साडेपांचच्या सुमारास शेवटची लाँच सुटते. माझी चुळबूळ पाहून ती बाई म्हणाली, "बोट चुकेल म्हणून तुम्ही एक दिवस घाबरतां. आम्ही जन्मभर बोटीच्याच वेळेवर जगतों."

मग बोलतां बोलतां कळत गेलें. पुढच्या शिक्षणाला मुलांनीं उरण गांठावयाचें तें बोटीनें. रात्रीं कोणाचें दुखलेंखुपलें तर होडी काढावयाची, आणि समुद्र खवळलेला असेल तर उजाडण्याची वाट पाहावयाची. पावसाळ्यांत वादळी वारा असला कीं लाँची बंद, म्हणजे पाहुणे बंद, म्हणजे दुकानें बंद. आणि वीज? समोर मुंबईचे दिवे रात्रभर लखलखत असतां या तीन वस्त्यांनीं स्वातंत्र्यानंतरचीं सत्तर वर्षें कंदिलावर आणि सायंकाळीं कांहीं तास चालणाऱ्या जनित्रावर काढलीं. समुद्राच्या तळाशीं साडेसात किलोमीटरांची केबल टाकून २२ फेब्रुवारी २०१८ रोजीं येथें कायमची वीज आली. जागतिक वारशाच्या यादींत नांव आल्यानंतर दिवा लागण्यास एकतीस वर्षें लागलीं. "मुंबई आम्हांला रोज दिसे," ती बाई म्हणाली, "पण मुंबईला आम्ही दिसत नव्हतों." हें तिनें तक्रारीच्या सुरांत सांगितलें नाहीं. हवापाणी सांगावें तसें सांगितलें.

परत येतांना भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, या बेटाला पूल का करीत नाहींत?" शिवडीहून घारापुरीपर्यंत आकाशांतून रज्जुमार्ग नेण्याची योजनाहि मागें पुढें आली होती, तें मीं त्याला सांगितलें. या प्रश्नावर मीं नंतर पुष्कळ विचार केला आहे. पाहुण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर एक तासाची लाँच ही अडचण नव्हेच. उलट त्या एका तासांतच माणूस शहर मागें टाकतो आणि बेट पाहण्यास लायक होतो. दहा मिनिटांत तेथें पोंचणारा माणूस अकराव्या मिनिटास परत निघेल. परंतु बेटावरच्या माणसाचें तसें नाहीं. त्याच्या आजारी मुलाला आणि शिकणाऱ्या मुलीला वेळेवर सुटणारी, भरती-ओहोटी न पाहतां लागणारी बोट हवी आहे. साबा बेटावरील रस्ता पाहुण्यांसाठीं झाला नव्हता. तो तेथल्या लोकांनीं स्वतःसाठीं केला, आणि मग पाहुण्यांनाहि त्याचा उपयोग झाला. घारापुरीच्या वाटेचा विचार याच क्रमानें व्हावयास पाहिजे. मोऱ्याचा गाळ निघाला, धक्का बाराही महिने चालू राहिला, तर बेटकऱ्यांची सोय होईल, आणि आम्हां पनवेलकरांना आमच्याच जिल्ह्यांतील क्षेत्रास जाण्यासाठीं मुंबईचा वळसा पडणार नाहीं.

तें होईल तेव्हां होवो. तोंपर्यंत आपल्या हातीं एवढेंच आहे कीं तेथें पाहुणा म्हणून जावें. पाहुण्याचे आपल्याकडे कांहीं साधे नियम आहेत. तो यजमानाची वेळ पाहून येतो, देवाला नमस्कार करून झाल्यावर घरांतल्या माणसांचीहि विचारपूस करतो, ताटांत वाढलेलें तेथेंच जेवतो, आणि निघतांना आपला पसारा मागें ठेवीत नाहीं. घारापुरीस जाणाऱ्यानें याहून निराळे नियम शिकण्याची गरज नाहीं. सकाळच्या पहिल्या बोटीनें जा, म्हणजे लेणीं स्वस्थपणें पाहून वस्तींत घटकाभर बसण्यास वेळ उरेल. बरोबर बांधून नेलेला डबा क्षणभर विसरा आणि एक जेवण बेटावर जेवा. आणि शेवटच्या लाँचीची वाट न पाहतां तिच्या आधींची धरा, म्हणजे निरोप घाईंत घ्यावा लागणार नाहीं.

आमची लाँच धक्क्यापासून दूर गेली तेव्हां संधिप्रकाश पडला होता. पुढें मुंबईचे दिवे एकेक करून लागत होते. भाच्याच्या मुलानें मागें वळून पाहिलें आणि ओरडला, "आजी, तिकडेपण लागले!" शेतबंदरच्या काठावर दहापांच दिवे दिसत होते. आत्याबाईंनीं त्या दिशेला हात जोडले. लेण्यांतल्या देवाला कीं वरणाची वाटी आणून देणाऱ्या त्या बाईला, तें मीं विचारलें नाहीं. जाकिटाचे बंद मात्र गेटवेचा धक्का लागेपर्यंत त्यांनीं सोडले नाहींत.